नानांच्या नावाची बाटली

निळं औषध उकळायचं आणि त्याचा रंग काय होतो ते बघायचं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना हेच म्हणालो. ते म्हणाले, तेच लिहा. लोकांनी फराळाची ताटं समोर घेऊन हा अंक वाचायचा आणि त्यात मी लघवीची गोष्ट सांगायची, हे त्यांना कसं चाललं हे तेच जाणोत. वाचकाने वाटल्यास आधी करंजी संपवावी.

मी कंपौंडर. मूळ धुळ्याचा, पण नोकरी सगळी जळगावात, एकाच डॉक्टरसाहेबांकडे. डॉक्टरसाहेब मुंबईला शिकून आलेले, कमी बोलणारे. त्यांच्या वाटचं मीच बोलत असे आणि बहुतेक वेळा जास्त बोलत असे. गावातल्या लोकांना खरा डॉक्टर कोण हा प्रश्न कधी पडला नाही. मला मात्र अधूनमधून पडायचा. माझ्या पुष्कळशा चुका तिथूनच सुरू झाल्या.

मधुमेहाचं काम कसं चालायचं ते सांगतो. रोग्याने सकाळची लघवी बाटलीत आणायची. आम्ही काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात त्या बाटलीतले थोडे थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं निळंच राहिलं तर देवाची कृपा. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर बरीच, आणि पक्क्या विटेसारखा रंग आला तर डॉक्टरसाहेब चष्मा काढून पुसायला लागायचे. नळीचं तोंड आपल्याकडे धरायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. कसं कळलं ते माझ्या त्या वेळच्या एकुलत्या एका चांगल्या सदऱ्याला माहीत.

इन्शुलिन तेव्हा नवीनच निघालं होतं. मुंबईहून पार्सल यायचं आणि बर्फ भुसावळहून मागवायचा. बर्फ चुकला की ओल्या वाळूच्या मडक्यात बाटली पुरून ठेवायची. ज्यांना रोज सुई लागायची त्यांच्या घरी मी सकाळी सायकलवर जात असे. सुई टोचली की अर्ध्या तासाच्या आत माणसाने जेवलंच पाहिजे, हा पहिला नियम. सुई साखर खाली ओढते. पोटात अन्न नसेल तर ती ओढतच जाते आणि माणसालाही घेऊन जाते. हा नियम वाचकाने ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आता माझी पहिली फजिती. रावेरकडचे एक केळीचे बागाईतदार तपासायला आले. त्यांच्या बाटलीने पहिल्याच दणक्यात विटकरी रंग दिला. डॉक्टरसाहेब बाहेरगावी होते, म्हणून निकाल मीच दिला, तोही चढ्या आवाजात. भात बंद, गूळ बंद, केळी तर डोळ्यांनीसुद्धा बघायची नाहीत. केळीच्या बागेत राहणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं. त्यांनी ते पाळलं, ही त्याहून कमाल. गावचे लोक त्यांना भेटायला येऊ लागले, एका व्याह्याने तर डोळ्याला पदर लावणारी बायको बरोबर आणली. डॉक्टरसाहेब आल्यावर त्यांनी बाटली हुंगली आणि मला विचारलं, यात आधी काय होतं? बाटली मधाची होती. सातपुड्यातला मध, नुसत्या पाण्याने खळबळून घेतलेली बाटली. त्या सद्गृहस्थांच्या अंगात साखरेचा कण नव्हता. होता तो मधमाश्यांचा होता.

त्या दिवसापासून दवाखान्याने नियम केला. बाटली आम्ही द्यायची, उकळून, वर कागदाची पट्टी चिकटवून आणि पट्टीवर रोग्याचं नाव घालून. मी डॉक्टरसाहेबांना छातीठोकपणे म्हणालो, आता चुकायला जागाच नाही. बाटली तिच्यात जे आहे तेच सांगते, पट्टीवर काय लिहिलंय त्याच्याशी तिला देणंघेणं नसतं, हे शहाणपण मला पुढे नानांच्या घरी मिळायचं होतं.

नाना कापसाच्या जिनाचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचे, मालक. गल्लीच्या तोंडाशी घर, ओट्यावर झोपाळा. घरात म्हातारी आई होती, तिला सगळी पेठ मोठी माय म्हणायची. नानांची बायको म्हणजे अक्का. त्यांच्याच वयाच्या, पन्नाशीच्या अलीकडच्या. मुलगे, सुना, नातवंडं, सगळं भरलेलं. नानांना साखर निघाली तेव्हा त्यांनी ती एखाद्या पदवीसारखी मिरवली. बाजारात सांगायचे, आपल्याला राजांचा रोग झाला आहे. पुरुष रोग्यांची ही तऱ्हा मी फार पाहिली. दवाखान्यात येताना चार माणसं घेऊन येतात, सुईला किती खर्च येतो ते बसून सांगतात आणि पथ्य मात्र घरच्या बाईच्या हवाली करून मोकळे होतात. एक मास्तर सुई घेतली की त्या जोरावर जिलेबी खायचे. एक वकील घरात कारल्याचा रस प्यायचे आणि कचेरीच्या आवारात पेढे.

नाना त्यातले नव्हते, कारण अक्का त्यांना तसं होऊ देत नव्हत्या. मी घरी जाऊन पथ्य सांगायचो आणि ऐकायच्या त्या दाराआडून. दुसऱ्याच दिवशी घरात गूळ-साखरेच्या फडताळाला कुलूप आणि किल्ली अक्कांच्या कमरेला. नानांची भाकरी ज्वारीची, वेगळी, तोलून. भाजीत गूळ नाही. मी त्यांना बजावलं होतं, साखर म्हणजे नानांना विष, काहीही झालं तरी चिमूटभर द्यायची नाही. हे बोलताना मी बोटसुद्धा नाचवलं होतं. अक्कांनी ते वेदवाक्य मानलं. दोन-तीन महिन्यांत नानांचं औषध निळंच राहायला लागलं. डॉक्टरसाहेबांनी सुई कमी केली. मी साऱ्या रोग्यांना नानांचं उदाहरण द्यायचो, नानांचंच. अक्कांचं द्यावं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

एकदा सुई उकळत होती आणि मी ओट्यावर बसलो होतो. दाराआडून अक्कांनी विचारलं, "भाऊ, बाईमाणूसले बी व्हस का हो, हाई साखर?"

मला असल्या प्रश्नांना झटकन उत्तर द्यायची खोड. मी म्हणालो, "अक्का, हा बसून खाणाऱ्यांचा आजार आहे. बायका बसतात कुठं?"

नाना मोठ्याने हसले. मोठी मायही हसली. मला माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं. दाराआड कोणी हसलं नाही, ते मला त्या वेळी ऐकू आलं नाही.

आणि मग नानांचा रंग बिघडायला लागला. बाटली आठवड्यातून एक-दोनदा यायची, सकाळी मोरीतल्या कोनाड्यात भरून ठेवलेली असायची, सुई देऊन निघताना मी ती पिशवीत घालायचो. एका खेपेस हिरवं आलं, पुढच्या खेपेस पिवळं. डॉक्टरसाहेबांनी सुई थोडी वाढवली. तरी पिवळंच. आणखी वाढवली. मग आखाजी आली. बाहेरच्यांना सांगतो, आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातला मोठा सण, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. आखाजीनंतरच्या बाटलीत विटकरी रंग आला. मला तो बघून आनंद झाला म्हटलं तर वाचक मला दुष्ट म्हणतील, पण गुन्हा हाती लागल्यासारखं वाटलं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुई टोचली आणि ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय नाना, खापराची पोळी कशी झाली होती?"

नानांचा चेहरा पडला. "कंपौंडर, मी पोळी खादी नही. बठ्ठ्यासनी खादी, मी भाकर खाई ऱ्हायनू. मायले इचार." म्हणजे सगळ्यांनी पोळी खाल्ली, त्यांनी एकट्यांनी भाकर.

मी म्हणालो, "नाना, तुम्ही खोटं बोलाल, बाटली खोटं बोलत नाही."

त्यांच्या आईसमोर, गड्यांसमोर आणि जिनातल्या मुकादमासमोर बोललो. मी पिशवी उचलली आणि आपण डॉक्टरसाहेबांचं काम किती सोपं करतो असा विचार करत सायकलवर बसलो.

पुढच्या घरी पोचल्यावर कळलं की स्पिरिटची बाटली नानांच्या ओट्यावर विसरली. माझ्या विसराळूपणाला डॉक्टरसाहेब आयुष्यभर बोलले, मी त्यांना दरवेळी या एका दिवसाची आठवण करून द्यायचो. मी परत आलो तर घरात कल्लोळ. मी बोललेलं जिव्हारी लागून नानांनी अर्धी भाकरी खाऊन ताट सारलं होतं. आता ते झोपाळ्यावर बसून घामाने न्हाले होते, हात कापत होते आणि तोंडाने भलतंच चाललं होतं. मला त्यांनी मुंबईचं गिऱ्हाईक समजून कापसाचा भाव पाडल्याबद्दल शिव्या दिल्या. मुकादम म्हणत होता ऊन लागलं. एक सून देवघराकडे धावली होती, बाहेरचं काही असेल म्हणून अंगारा आणायला.

मला मात्र लगेच कळलं. सुई जास्त आणि पोटात भाकर अर्धी. साखर तळाला गेली होती. आणखी थोड्या वेळात नाना बेशुद्ध झाले असते आणि मग कदाचित उठले नसते.

मी ओरडलो, गूळ आणा.

कोणी हललं नाही. मोठी माय फडताळाच्या पुढे जाऊन उभी राहिली. "यानीच सांगेल शे, गूळ म्हणजे इख. आनि आते हाऊच गूळ मांगस. मना पोऱ्याले मारी टाकशी का?"

म्हातारीचं काही चुकत नव्हतं. बोट नाचवून तेच मी शिकवलं होतं. साखर कधी द्यायची नाही एवढं शिकवलं, कधी द्यायचीच असते ते शिकवायचं राहिलं. मी अक्कांकडे बघितलं. किल्ली त्यांच्या कमरेला होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्या माझ्यासमोर दाराबाहेर आल्या. चेहरा पांढरा झालेला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पक्कं का भाऊ?"

मी म्हणालो, "अक्का, पक्कं. नाही दिलं तर जातील."

त्यांनी सासूला हाताने बाजूला केलं. त्या घरात तसं कधी झालं नसावं. कुलूप उघडलं, गूळ पाण्यात हातानेच कुस्करला. नानांची आता दातखीळ बसली होती. मी जबडा धरला आणि अक्कांनी गुळाचं पाणी गालाच्या पोकळीत थेंबाथेंबाने सोडलं, नुसतं मायेने नव्हे, घाई न करता, जसं सोडायला पाहिजे तसं. थोड्या वेळाने कापरं थांबलं. नानांनी डोळे नीट उघडले, आजूबाजूची माणसं पाहिली आणि विचारलं, कोण मेलं?

तोवर मुकादमाने डॉक्टरसाहेबांना टांग्यात घालून आणलं होतं. त्यांनी नाडी बघितली, मान हलवली. मग त्यांच्या मनात ते आलं जे माझ्या मनात यायला पाहिजे होतं. ज्या माणसाची लघवी काल विटकरी होती, तो एवढ्या सुईने असा कोसळेल का? त्यांनी नानांना लागलीच मोरीकडे धाडलं, तिथल्या तिथे नळी काढली. औषध उकळलं. निळंशार.

डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "तुम्ही काल कोणाची बाटली तपासलीत?"

मी म्हणालो, "नानांची. वर नाव आहे." माझी पट्टी, माझं अक्षर. मला त्या वेळी रावेरच्या मधमाश्या आठवल्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "ती बाटली मनी व्हती."

डॉक्टरसाहेबांना बोली नीट कळायची नाही. त्यांनी विचारलं, कोणाची?

"मनी. यासनी नही." माझी, यांची नाही, असं मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं.

मग अक्कांनी सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत. मी माझ्या शब्दांत सांगतो. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना तहान सहन होत नव्हती. माठाजवळून उठवेना. पाठीवर गळवं येऊन बरी होत नव्हती, अंगावरची चोळी सैल झाली होती. ही सगळी लक्षणं त्यांनी आधी एकदा पाहिली होती, नानांच्या अंगावर. त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण बाईची बाटली दवाखान्यात न्यायची कोणी? नेली तर गल्लीत बोभाटा, घरात दोन सुना, माहेरी बिनलग्नाच्या भाच्या. मला विचारून पाहिलं तर मी विनोद केला. मग त्यांनी मार्ग काढला. नाना बाटली भरून कोनाड्यात ठेवायचे. अक्का ती रिकामी करायच्या आणि आपली भरायच्या. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावरून रंग जाहीर करायचो आणि त्या दाराआडून आपला निकाल ऐकायच्या. स्वतःच्या मनानेच कारल्याचा रस, मेथ्या, बिनसाखरेचा चहा सुरू केला होता. रंग उतरतो का ते बघायचं होतं, म्हणून बाटली पुनःपुन्हा बदलत राहिल्या. नाना तर निळे आहेत, बरे आहेत, त्यांचं काय बिघडणार?

सुई किती टोचायची ते त्या बाटलीच्या रंगावरून ठरतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पथ्य पाळणारी ती, कुलूप लावणारी ती, भाकरी तोलणारी ती. आणि हिशेब मी नानांना समजावला होता, ज्यांना तो करायचा नव्हता.

शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही यासले खोटं पाडत व्हतात, आनि मी आत कढत व्हती. पन तोंड उघडायची हिंमत व्हयनी नही."

नाना झोपाळ्यावर आडवे होते. मला वाटलं आता संतापतील. मरता मरता वाचलेला माणूस, आणि ती वेळ आणली घरच्याच बाईने. ते उठून बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग कंपौंडर? पोळी कोन खादी व्हती?"

खरोखरच, आखाजीची पोळी अक्कांनी खाल्ली होती. तीसुद्धा स्वतः वाढून घेऊन नाही. सगळे जेवून उठल्यावर नातवंडांच्या ताटात उरलेली अर्धी अर्धी, वाया जाऊ नये म्हणून.

डॉक्टरसाहेबांनी अक्कांची खरी तपासणी करायचं ठरवलं. मी नवी बाटली काढली, पट्टी चिकटवली, दौत-टाक मागवला आणि विचारलं, नाव काय लिहू? इतकी वर्षं मी त्या घरी जात होतो, अक्का म्हणत होतो. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. नानांनी बायकोचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं म्हणून तोंड फिरवलं. सुनांनी पदर चावला. मोठ्या मायने शेवटी सांगितलं, तेही आठवून, कारण तिनेही ते लग्नात ठेवल्यानंतर फारसं वापरलं नव्हतं. काशी. मी लिहिलं, काशीबाई. अक्का त्या पट्टीकडे टक लावून बघत होत्या.

डॉक्टरसाहेबांचं म्हणणं पडलं की अक्कांना तूर्त सुई नको, पथ्यावर भागेल. पण पथ्य म्हणजे नुसतं गोड सोडणं नव्हे. दोन वेळा ठरल्या वेळी, ताजं, थोडं थोडं खायचं. दुपार टळेपर्यंत उपाशी राहायचं आणि मग सगळ्यांची उष्टी, उरलेला भात, पोळीचे तुकडे एकदम पोटात ढकलायचे, हे बंद. मी ते वाचून दाखवलं तशी अक्कांनी मान डोलावली. मला ते मान डोलावणं ओळखीचं होतं. पुरुष रोगी पथ्य ऐकताना वाद घालतो आणि बाजारात जाऊन मोडतो. बाई वाद घालत नाही. ती मान डोलावते, घरी जाते आणि तिच्या पथ्याला घरात जागाच नसते. नानांचं पथ्य अक्का सांभाळत होत्या. अक्कांचं पथ्य सांभाळायला कोण होतं?

आठवड्याभराने बाटली आली, काशीबाई नावाची. विटकरी. त्या पुढचीही विटकरी. मी ओट्यावर काही बोललो नाही, तेवढं एव्हाना शिकलो होतो. दाराशी जाऊन हळूच विचारलं, अक्का, वेळेवर जेवता ना? त्या म्हणाल्या, जेवते की. सगळ्यांचं झालं की लगेच.

नाना ऐकत होते. मी सुई टोचली. कमी केलेली सुई, पण सुईच. ते उठून आत पाटावर जाऊन बसले. ताट वाढलेलं होतं. नानांनी हात जोडून मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. मोठी माय म्हणाली, जेव ना रे. नाना म्हणाले, हिचं ताट वाढा. इथं, माझ्या शेजारी.

घरात कोणाला कळेना. अक्का चुलीपाशी होत्या, त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. नाना म्हणाले, "तू बठ, मंग मी जेवस."

अक्का म्हणाल्या, "लोक काय म्हनतीन?"

नानांनी हात मांडीवरच ठेवले. मी दारात उभा. मला निघायला हवं होतं, पण पाय निघेना. सुई आत गेलेली, घड्याळ पुढे सरकतंय. मी हे नाटक समजून हसणार होतो, तेवढ्यात नानांच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब दिसले. माणूस हट्ट करत होता तो स्वतःचा जीव ताटाच्या कडेला ठेवून. मी म्हणालो, नाना, जेवा आता, पोरखेळ नाही हा. त्यांनी माझ्याकडेही बघितलं नाही.

मोठ्या मायने ते थेंब पाहिले. तिला झोपाळ्यावरचा दिवस आठवला असणार. ती उठली, तिने स्वतःच्या हाताने पाट टाकला, ताट ठेवलं आणि सुनेला ओरडून म्हणाली, "बठ वं. मना पोऱ्या मरी जाई."

अक्का बसल्या. नवऱ्याकडे पाठ करून, सासूपासून तोंड लपवून, पण बसल्या. एक घास तोडला. मग नानांनी तोडला. घरातल्या सुना भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

मी सायकलवर परत येताना फार खूश नव्हतो, हे खरं सांगतो. बाई वेळेवर जेवायला लागली, पण तिच्या साखरेसाठी कोणी पाट टाकला नव्हता. पाट पडला तो तिच्या नवऱ्याच्या जिवासाठी. तिचं पथ्य घरात शिरलं तेही त्याच्या पथ्याचा हात धरून. तरीही पुढच्या महिन्यात काशीबाईंची बाटली हिरवी झाली, आणि त्याच्या पुढे निळी. मी ती नळी उजेडाला धरून इतका वेळ बघत राहिलो की डॉक्टरसाहेबांनी विचारलं, झोपलात का?

रोज सकाळी त्या घरात दोन ताटं वाढली जाऊ लागली. गल्लीत बोलणं झालं, झालं नाही असं नाही. नाना जिनावर म्हणायचे, डॉक्टरचा हुकूम आहे. डॉक्टरसाहेबांनी असा हुकूम कधी दिला नव्हता, पण मी तोंड मिटून होतो, आणि माझं तोंड मिटलं की लोक समजायचे बाब गंभीर आहे.

पुढे दुसरी मोठी लढाई सुरू झाली. मुंबईहून पार्सलं यायची ती कधी यायची, कधी नाही. वाळूच्या मडक्यातली बाटली मी दागिन्यासारखी जपत असे. त्या दिवसांत नाना गेले. साखरेने नाही, छातीच्या दुखण्याने. डॉक्टरसाहेब म्हणाले, साखर ताब्यात होती म्हणून एवढे जगले. मी मनात म्हटलं, ती कोणाच्या ताब्यात होती ते आम्हाला माहीत आहे.

काही दिवसांनी दवाखान्याची सुई, डबी वगैरे घरी राहिली होती ती आणायला मी गेलो. सकाळची वेळ, एरवी सुई द्यायला जात असे तीच. मनात एकच धास्ती होती. आता अक्कांना कोण बसवणार? ज्याच्या जिवाची धमकी होती तो जीव गेला. आता त्या पुन्हा सगळ्यांच्या मागून, टळलेल्या दुपारी, ताटातलं उरलेलं.

दारातून आत पाहिलं. मोठी माय पाटावर बसली होती. पुढ्यात ताट, भाकरी मोडलेली, हात मांडीवर. ती जेवत नव्हती. तिच्या शेजारचा पाट मोकळा होता. अक्का चुलीपुढे, पांढऱ्या कपाळाने, काहीतरी ढवळत होत्या आणि म्हणत होत्या, माय, तुम्ही जेवा, माझं मागून.

म्हातारीने मान हलवली. "तू बठ," ती म्हणाली, "मंग मी जेवस."

तिच्या अंगात सुई नव्हती, साखर नव्हती, कसलं औषध नव्हतं. दात मात्र दोनच होते. अक्का उठल्या आणि बसल्या. मी सुई न मागताच परत फिरलो, डबी आजही त्या घरात असेल.

त्या दिवशी मी घरी आलो. आमची मंडळी, म्हणजे बायको, धुळ्याकडची, कमी बोलणारी, तव्यावर भाकरी टाकून माझी वाट बघत होती. मी हातपाय धुऊन पाटावर बसलो. ताट एक होतं. इतकी वर्षं साऱ्या जळगावला पथ्य शिकवत हिंडलो आणि माझ्या घरात ताट एकच वाढलं जातं हे मला त्या दुपारी दिसलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

तिने विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का? मी म्हणालो, नाही. तब्येत बरी नाही का? बरी आहे. मग मी म्हणालो, तू बस, मग मी जेवतो. खरं तर माझ्याकडे धमकी द्यायला एक साधी सुईसुद्धा नव्हती. नानांची ऐट मला जमली नाही, आवाज निम्म्यात बसला.

ती तव्याकडे मान वळवून म्हणाली, "बसते की. पण तव्यावरची भाकरी कोण उलटणार?"

मी उठलो. भाकरी एका बाजूने करपली, दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली. आम्ही दोघांनी तीच खाल्ली, एकाच वेळी.